चारुदत्तचं तळं आणि पॉइंट टू-टू

वसुधा खुर्चीसकट तळ्यात गेली तेव्हा तिच्या हातात पोह्यांची बशी होती. ती पाण्यात उभी राहिली तेव्हाही बशी हातात होती, फक्त पोहे मासे खात होते. जूनमधली रविवारची सकाळ, मिनेसोटातलं स्वच्छ निळं आकाश, आणि चारुदत्तने मोठ्या हौसेने काठावर मांडलेल्या दोन खुर्च्या. त्यांतल्या एकीखालची जमीन काही न बोलता खाली बसली होती.

"हे तळं आहे की सापळा?" वसुधा कमरेएवढ्या पाण्यातून म्हणाली.

"अगं, तुला लागलं नाही ना?"

"मला नाही लागलं. पण आजपासून मी इथं पाऊल ठेवणार नाही. तुमचं तळं, तुम्ही बसा."

तळं तसं कायदेशीररीत्या दोघांचं होतं, पण घर घेतल्या दिवसापासून ते 'तुमचं तळं'च होतं. मिनियापोलिसच्या ईडन प्रेरी या उपनगराच्याही पुढे, जिथे रस्त्यांचा उत्साह मावळतो आणि मक्याची शेतं सुरू होतात, तिथे हे घर. छप्पर गळकं, तळघराला ओल. घर दाखवणारी बाई वसुधाला घर तापवायची भट्टी आणि नळ दाखवत होती तेव्हा चारुदत्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागे बघत उभा होता. कंप्यूटरच्या कंपनीतला इंजिनिअर, दिवसभर आकडेमोड करणारा माणूस, पण त्या खिडकीत त्याचं भान हरपलं. त्याला दिसली एक संध्याकाळ. काठावर सतरंज्या पसरल्या आहेत, कुणीतरी पेटीचे सूर धरले आहेत, आपली माणसं पाण्यात पाय सोडून बसली आहेत आणि कुणालाच घरी जायची घाई नाही. त्याने भट्टीकडे न बघताच घर घेऊन टाकलं.

वास्तुशांतीला सगळे आले. तळं बघून "वा!" म्हणाले, जेवले आणि गेले. त्यानंतर दोन वर्षांत कुणी फिरकलं नाही. "लांब फार पडतं रे," एकजण म्हणे. "डास फार," दुसरा म्हणे. चारुदत्त मात्र रोज संध्याकाळी एक खुर्ची रिकामी ठेवून दुसरीवर बसे, आणि पाण्यावर उतरणाऱ्या उजेडात त्या न आलेल्या माणसांना चहा देत राही. आता ती रिकामी खुर्ची तळाशी होती.

"मस्करॅट," पलीकडच्या काठावर राहणाऱ्या मिसेस लिंडक्विस्ट भोक पाहून म्हणाल्या. मस्करॅट म्हणजे छोट्या मांजराएवढा, पाण्यात राहणारा उंदीर. तो पाण्याखालून काठात बिळं खणतो आणि वरची माती बेसावध माणसांसाठी तशीच ठेवतो. "आज खुर्ची गेली, पुढच्या वर्षी काठच जाईल. एक पॉइंट टू-टू रायफल घ्या, वर स्कोप असलेली. महागातली नको. माझा नवरा असता तर एका संध्याकाळी काम झालं असतं."

चारुदत्तने आयुष्यात डासापेक्षा मोठं काही मारलं नव्हतं, आणि डासही बहुतेक वेळा सुटत. पण काठ खचला तर सतरंज्या कुठे अंथरायच्या? त्याने काठ दुरुस्त करायला ऑफिसातून दोन आठवड्यांची रजा काढली, आणि दिवसा माती टाकून संध्याकाळी बंदूक बघायला जाऊ लागला. वसुधाला यातलं फक्त मातीचं माहीत होतं.

गावातल्या त्या दुकानात गळ, पक्ष्यांचं खाणं, गमबूट आणि बंदुका एकाच छपराखाली मिळत. स्वस्तातली पॉइंट टू-टू निवडणं म्हणजे चारुदत्तला मिक्सर निवडण्याइतकं सोपं वाटलं होतं. पण एक रायफल स्वस्त, तर तिच्यावरचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, रायफलीहून महाग. दुसरीला दुर्बीण फुकट, पण तिच्यातून सगळं जग गढूळ दिसे. तिसरी जुनी होती, आणि जुन्या वस्तूच्या भूतकाळात काय काय असेल याचा चारुदत्त फार विचार करी.

खरं म्हणजे त्याला बंदुकीपेक्षा दुर्बीणच आवडली होती. विक्रेत्याने रिकामी रायफल हातात दिली की तो मोठ्या काचेतून बाहेर, मोकळ्या माळाच्या बाजूला ती धरी. लांबच्या कुंपणावरचा पक्षी एकदम नाकासमोर येई. त्याच्या छातीवरची पिसं वाऱ्याने हलत. किती लांबचं किती जवळ आणता येतं, या विचाराने चारुदत्त इतका सुखावे, की दुकान बंद व्हायची वेळ झाल्याचं विक्रेत्याला खांद्यावर थोपटून सांगावं लागे.

आता आपल्या लोकांत कुठलीही वस्तू माहितगार माणसाला विचारल्याशिवाय घेता येत नाही. सल्ला न विचारता वस्तू घेतली आणि ती चांगली निघाली, तरी लोक माफ करत नाहीत. चारुदत्तच्या ओळखीत बंदुकीतला माहितगार एकच होता, ज्ञानदेव. विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवणारा, पण औरंगाबादला कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टूची बक्षिसं मिळवलेला.

"जयभीम, ज्ञानदेव," चारुदत्त फोनवर आवाज खाली करून म्हणाला. "एक विचारायचं होतं. पॉइंट टू-टू घ्यायची तर कुठली घ्यावी?"

"जयभीम. पॉइंट टू-टू? तुला कशाला रे?"

इथे चारुदत्त अडला. याच ज्ञानदेवने गेल्याच महिन्यात बुद्धपौर्णिमेला पंचशीलावर भाषण केलं होतं. पहिलंच शील, प्राण्याची हिंसा करू नये. आणि चारुदत्तने पहिल्या रांगेत बसून इतक्या जोरात मान हलवली होती, की भाषणानंतर ज्ञानदेवने त्याचे खास आभार मानले होते. त्या माणसाला 'उंदीर मारायचेत' हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"अशीच," चारुदत्त म्हणाला. "घरात असावी."

"अशीच?"

"हो. आणि हे बघ, वसुधाला बोलू नकोस काही."

ज्ञानदेवने फोन ठेवला. त्या वर्षी कंप्यूटरच्या कंपन्यांतून माणसं काढायची लाट आली होती. दुसऱ्या दिवशी त्याने सहज म्हणून चारुदत्तच्या ऑफिसात फोन केला. चारुदत्त सध्या येत नाही, असं तिकडून कळलं. मग त्याने बायकोला, संघमित्राला, सगळं सांगितलं.

"ऑफिस नाही, एकटाच तळ्याकाठी बसतो, आणि आता बंदूक बघतोय," तो म्हणाला. "मला तर वाटतं, तो—"

"पुरे! अभद्र बोलू नका," संघमित्रा म्हणाली, आणि तिने मैत्रिणीला, रेखाला, फोन लावला. रेखाने ऐकलं आणि तीही म्हणाली, "अभद्र बोलू नये गं," आणि पुढचा फोन लावला. अशा रीतीने संध्याकाळपर्यंत मिनियापोलिसमधल्या प्रत्येक मराठी घराला चारुदत्तच्या मनात काय आहे ते समजलं, आणि ते तोंडातून मात्र एकानेही काढलं नाही. एकाने जरी काढलं असतं तरी पुढचं रामायण टळलं असतं.

पहिला आला नरेंद्र. आधी फोन न करता आला, ही अमेरिकेत जवळजवळ फौजदारी बाब. बरोबर बायको रेखा आणि भज्यांचा मोठा डबा. चारुदत्त चिखलाच्या हातांनी धावत पुढे गेला.

"सहज आलो यार. म्हटलं, तुझं तळं बघावं."

चारुदत्तला आपल्या कानांवर विश्वास बसेना. त्याने घरातल्या खुर्च्या बाहेर काढल्या, शाबूत काठ निवडून मांडल्या. नरेंद्रने बसण्याआधी आपली खुर्ची उचलून चारुदत्त आणि पाणी यांच्या मधोमध ठेवली.

ऊन कलत होतं. पाण्यावर पलीकडच्या झाडाचं उलटं झाड उभं होतं, आणि बदकांची एक रांग त्या झाडातून शांतपणे पोहत गेली.

"इथं बसलं ना," चारुदत्त समाधानाने म्हणाला, "की वाटतं, आता काही नको."

नरेंद्रच्या हातातलं भजं तिथेच थांबलं. "असं नको म्हणू यार. हवं. आयुष्यात हवंसं वाटण्यासारखं किती काय काय आहे!"

"म्हणजे काय काय?"

नरेंद्र ऑपरेशनआधी भूल देणारा डॉक्टर होता. जाग्या माणसाशी फार वेळ बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने डोक्याला बराच ताण दिला. "म्हणजे... आंबे आहेत."

"मिनेसोटात?"

"डब्यातले," नरेंद्र म्हणाला, आणि त्याने चारुदत्तचा हात घट्ट धरला. काजवे चमकू लागेपर्यंत त्याने तो सोडला नाही. चारुदत्तला वाटलं, तळ्याने माणूस किती हळवा होतो.

त्याच वेळी स्वयंपाकघरात रेखा वसुधाला सांगत होती, "काही विचारू नकोस त्यांना. फक्त एकटं सोडू नकोस."

"का? काय झालंय?"

"आता मी काय सांगू? अभद्र बोलू नये माणसानं."

नवऱ्याला काहीतरी मोठा आजार आहे, तो नरेंद्रला ठाऊक आहे आणि आपल्यापासून लपवला आहे, असं वसुधाने पक्कं धरलं. त्या संध्याकाळपासून ती उशी घेऊन तळ्याकाठी चारुदत्तशेजारी येऊन बसू लागली. डास चावत, पण ती हूं की चूं करीत नसे. एकदा तर तिने आपण होऊन म्हटलं, "पाण्यावर ढग किती छान दिसतात, नाही?" चारुदत्तने आनंदाने आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

मग रीघच लागली. संघमित्राने आणि रेखाने पाळ्याच लावल्या होत्या, कुणी कधी जायचं आणि काय घेऊन जायचं. एका संध्याकाळी कुणी मटकीची उसळ आणली, दुसऱ्या संध्याकाळी पेटी आली, पेटीमागून तबला. मुलं काठावर "मॉम, फ्रॉग! लुक!" करीत धावू लागली. पुरुष मंडळी एकेक करून चारुदत्तला बाजूला घेत आणि त्याला धीर यावा म्हणून स्वतःची दुःखं सांगत. प्रताप नावाचा गृहस्थ, ज्याच्या दोन गाड्यांचा मराठी मंडळात हेवा होत असे, तो म्हणाला, "मलाही गेल्या वर्षी काढलं होतं, चारुदत्त. चार महिने रोज टाय लावून लायब्ररीत जाऊन बसायचो. बायकोलासुद्धा माहीत नाही." आणि तो चक्क रडला. चारुदत्तने त्याला थोपटलं. इतकी वर्षं ओळख असून ही माणसं कधी अशी बोलली नव्हती. त्याने मनातल्या मनात तळ्याचे आभार मानले.

सगळं त्या खिडकीतून दिसलं होतं तसंच होत होतं. सतरंज्या, सूर, पाण्यात सोडलेले पाय. गाणं संपलं तरी कुणी उठत नसे, कारण चारुदत्तला एकटं सोडून आधी कोण उठणार? त्या दिवसांत तो जमिनीवरून चालत नव्हता म्हटलं तरी चालेल. मस्करॅटनाही हा गोंगाट मानवला नसावा. ते पलीकडे मिसेस लिंडक्विस्टच्या काठाला गेले.

पण चारुदत्त मूळचा इंजिनिअर. पाहुणे आले म्हणून काठाची काळजी संपत नाही, उलट वाढते. मस्करॅट परत आले, काठ खचला आणि धावणाऱ्या मुलांतलं एखादं पडलं तर? बंदुकीचा शोध चालूच होता, आणि आता ज्ञानदेव हट्टाने बरोबर येई. तसा माहितगार कुणालाही न मिळो. पहिली रायफल त्याने खांद्याला लावली आणि खाली ठेवली. "बोल्ट ढिला आहे." दुसरी. "हिचा स्कोप सरकतो. नेम लागायचा नाही." तिसरी नवीकोरी होती. ज्ञानदेवने नळीला डोळा लावला आणि गंभीरपणे म्हणाला, "वाकडी आहे."

"नवीन आहे रे!"

"नवीनच वाकडी आहे. पुढच्या महिन्यात बघू. सेल लागेल."

विक्रेता एक शब्दही न समजता हे सगळं बघत होता. शेवटी त्याने चौथी रायफल चारुदत्तच्या हातात ठेवली, बेताची, वर साधी दुर्बीण असलेली, खरोखरच स्वस्त. आणि पहिल्यांदाच त्याने विचारलं, "पण तुम्हाला नक्की मारायचंय काय?"

ज्ञानदेवने डोळे मिटून घेतले. चारुदत्तने एकदा मित्राकडे पाहिलं आणि ओशाळून हळूच म्हटलं, "मस्करॅट्स."

"आणि तळ्याच्या पलीकडे काय आहे? गोळी पाण्यावरून उडून पुढे जाते," विक्रेता म्हणाला.

चारुदत्तने क्षणभर विचार केला. "मिसेस लिंडक्विस्टचं किचन."

विक्रेत्याने रायफल त्याच्या हातातून अलगद काढून घेतली आणि परत मांडणीवर ठेवली.

"उंदीर?" ज्ञानदेव मराठीत म्हणाला. "तू उंदीर मारायला बंदूक घेत होतास?"

"मला माहितीये, पंचशील... माझं चुकलं रे. तुला सांगायची लाज वाटली."

ज्ञानदेवने त्याला कडकडून मिठी मारली. मग तो पक्ष्यांच्या खाण्याच्या पोत्यावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "मार, बाबा! जगातले सगळे उंदीर मार! माझी काही हरकत नाही!"

गाडीत त्याने सगळा उलगडा केला. चारुदत्त आधी हसला, मग हसता हसता थांबला. दोन्ही बाजूंना मका हलत होता.

"म्हणजे नरेंद्र तळं बघायला नव्हता आला?"

"तळं? अरे, आम्हाला तळ्याचीच तर धास्ती होती!"

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी फोनवर फोन आले. "उंदीर! कमाल आहे तुझी!" प्रत्येकजण पोट धरून हसला, फक्त प्रताप जरा कमी हसला. वसुधाने आधी नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं, "मी इथं देवाला साकडं घालत होते आणि तुम्ही दुकानात दुर्बिणी बघत होतात!" आणि मग पदरात तोंड लपवून रडून घेतलं. चारुदत्तने दुकानातून आणलेली जाड तारेची जाळी काठाच्या आत पुरून टाकली. बंदुकीशिवाय काम झालं.

आणि मग कुणीही आलं नाही.

कुणाचा राग नव्हता. उन्हाळा होता, ज्याला त्याला आपलं घर होतं, आणि तळं खरंच लांब पडत होतं. चारुदत्त संध्याकाळी नेहमीच्या जागी जाऊन बसे. खुर्च्या सगळ्या तशाच मांडलेल्या होत्या, त्यांच्यावर बदकं चढून बसत. पाण्यात पुन्हा एक बारीक रेघ उमटे, रेघेच्या टोकाला एक चपटं तपकिरी डोकं. मस्करॅट परत आले होते, आणि जाळी चाखून निराश होऊन जात होते. त्यांना बघून चारुदत्तला चक्क बरं वाटे. निदान हे तरी तळ्यासाठी येतात. त्याला वाईट वाटत होतं आणि ते तो लपवतही नव्हता. माणसं भीतीने आली याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. भीती इतक्या लवकर संपली, याचं होतं.

वसुधा स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्या पाठीकडे बघत होती. तिला स्वतःला डास चावत होते तेव्हा जेवढं करमत होतं तेवढं आता डास नसताना करमत नव्हतं, आणि ही गोष्ट तिने कुणाला सांगितलेली नव्हती. तिने ओट्यावरचा फोन उचलला.

चारुदत्त पाणी प्यायला आत आला तेव्हा ती पाठमोरी उभी राहून हळू आवाजात बोलत होती.

"नाही गं रेखा, बंदुकीचं सोडलं त्यांनी. पण आता छोटी नाव घ्यायची म्हणताहेत. एकट्यापुरती... हो ना. आणि पोहता येत नाही त्यांना... उंदरांचं? ते म्हणतात तसं खरं. आता मी काय बोलू? अभद्र बोलू नये माणसानं." थोडा वेळ ती नुसतं ऐकत राहिली. "उद्या? सगळेच? अगं, कशाला उगीच त्रास... बरं बरं, पेटी आणा."

तिने फोन ठेवला आणि वळली. चारुदत्त पेला हातात धरून तसाच उभा होता.

"मला पोहता येतं की," तो म्हणाला.

"माहितीये मला," वसुधा म्हणाली. "गप्प बसा, आणि खुर्च्या पुसून ठेवा."